गाडीचे अलंकार

गेल्या दिवाळीत घरात हायब्रिड एसयूव्ही आली आणि चिरंजीवांनी लगोलग यादी पुढे केली : पोलादी बुलबार, जाड सीटकव्हर, प्रखर दिवे. आम्हा डॉक्टरांना प्रत्येक औषधाचे दुष्परिणाम पाहण्याची सवय. तीच नजर मी यादीवर फिरविली. बुलबारामुळे धडकेचा आघात गाडीच्या पुढच्या भागात न जिरता आतल्या माणसांपर्यंत पोहोचतो, पादचाऱ्याची इजाही वाढते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले, ते उगीच नव्हे. चुकीचे सीटकव्हर आसनातील एअरबॅग अडवू शकते. हायब्रिडमधील नारिंगी तारांतून उच्च दाबाची वीज खेळते. तेथे परक्या हाताने जोडकाम नकोच.

आपण सुरतकर ज्या महामार्गाने मुंबईस जातो, त्याच मार्गावर पालघरजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते. पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, पट्टाही हाताशी होता.

आम्ही यादी रद्द केली आणि नातीसाठी फक्त चाइल्ड सीट घेतली. मागे बसणाऱ्या आईंनी पट्टा बांधल्याशिवाय मी किल्ली फिरवीत नाही. गाडीला याहून मोलाचा अलंकार मला ठाऊक नाही.