टेबलापुढे उभ्या मुलीची परीक्षा घेऊ नका

या आठवड्याच्या व्हिडिओत स्टॉल कसा मांडायचा ते आपण पाहिलं. कापड कुठलं, दर कुठे लावायचे, क्यूआर कोड कुठे ठेवायचा, सगळं झालं. पण एक गोष्ट वेळेअभावी राहिली. मला ती मांडणीपेक्षा मोठी वाटते, म्हणून इथे लिहितोय.

आपल्या खर्डीच्या बॅचमधला एक चित्रकार आहे. नाव नको. स्वतः कॉमिक काढतो, स्वतःच छापून आणतो. मुंबईच्या एका कॉमिक कन्व्हेन्शनला मित्राबरोबर अर्धं टेबल घेतलं आणि पहाटेच्या कसारा लोकलने दोन बॅगा माल घेऊन गेला. परत आल्यावर पहिलं वाक्य काय? "सर, निम्म्याहून जास्त मुलीच आल्या टेबलावर. मला वाटलं होतं पोरं येतील."

हे जे "मला वाटलं होतं" आहे ना, तिथेच त्याचं नुकसान झालं. एक मुलगी भावाबरोबर आली. अंक तिने उचलला, चाळला, आणि आपला पठ्ठ्या किंमत सांगतोय भावाला! दुसरी एका जपानी पात्राचा वेश करून आलेली. तिला हा गमतीत विचारतो, "या कॅरेक्टरचं पूर्ण नाव सांगा बरं." तिने नाव सांगितलं, कुठल्या भागात ते पात्र पहिल्यांदा येतं तेही सांगितलं, आणि हातातला अंक खाली ठेवून पुढच्या टेबलावर गेली. १५० रुपये गेले, पण ते सोडा. ती पुढचे पाच अंक घेणारी वाचक होती.

मला सांगा, हाच प्रश्न त्याने एखाद्या मुलाला विचारला असता का? किराणा दुकानात तूरडाळ मागणाऱ्याला आपण "आधी वरणाची कृती सांगा" असं म्हणतो का?

बरं, मुली कॉमिकच्या जगात काल-परवा आलेल्या नाहीत. टोकियोत 'कॉमिकेट' भरतं, हौशी चित्रकारांनी स्वतः छापलेली कॉमिक्स विकायचा जगातला सगळ्यात मोठा बाजार. ते पहिल्यांदा भरलं २१ डिसेंबर १९७५ ला. ३२ गट होते, माणसं साधारण ७००, आणि त्यात बहुसंख्य शाळकरी मुली. म्हणजे तो बाजार उभाच राहिला मुलींच्या खरेदीवर. आज जगभर वाचला जाणारा 'क्लॅम्प' हा चार बायकांचा गट अशाच हौशी अंकांतून वर आला. कालची फॅन आजची चित्रकार होते, ती अशी.

आपल्याकडे कॉमिक कॉन सुरू झालं २०११ ला, दिल्लीत. पुढच्याच वर्षी मुंबईच्या अभिजीत किणींनी 'अँग्री मावशी' आणली. साडी नेसलेली, गुंडांना झोडपणारी मुंबईची मावशी. २०१४ ला मुंबईच्याच कन्व्हेन्शनमध्ये 'प्रियाज शक्ती' आलं. त्याची नायिका बलात्काराला तोंड देऊन उभी राहिलेली मुलगी. असं कॉमिक हातात घेऊन एखादी बाई चित्रकाराशी बोलायला येते, तेव्हा ती टाइमपास करायला आलेली नसते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना अनोळखी मुलीशी बोलायची सवयच नसते. मग एक तर गडी खाली मान घालतो, नाहीतर एकदम सलगी करतो. मुलगी चित्राचं कौतुक करते, याला वाटतं आपलंच कौतुक आहे. फोटोत खांद्यावर हात जातो. नवीन अंकाची खबर मिळावी म्हणून तिने वहीत नंबर लिहिलेला असतो, आणि रात्री तिला 'हाय' जातं. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ पासून मोठे फलक लागलेत, की वेश केला म्हणजे परवानगी दिली असं नाही. तिथेही फलक लावायची वेळ आलीच.

मला विचाराल तर यातला खरा उस्ताद म्हणजे बांगड्या भरणारा कासार. धंदाच बाईचा हात हातात घेण्याचा! पण तो बोलतो तिच्याशी, शेजारी उभ्या नवऱ्याशी नाही. "ताई, हिरव्यात गडद दाखवू का?" नजर मनगटावर, माप अचूक, काम झालं की हात सोडला. म्हणून आई, लेक आणि सून एकाच कासाराकडे वर्षानुवर्षं जातात. टेबलावर तेवढंच करा. तिने काय वाचलंय ते विचारा, काय आवडलं ते ऐकून घ्या, फोटो हवाय का ते तिला ठरवू द्या. नंबर अंकाच्या खबरीसाठी दिलाय, तर फक्त अंकाची खबर पाठवा. आणि कृपा करून 'लेडीज स्पेशल' सूट आणि गुलाबी स्टिकर नकोत. तिने ते मागितलेलं नाही.

मी त्या पोराला बसवलं आणि म्हटलं, कुठल्या मुलीने काय विचारलं ते आठवून लिही. वहीत सात ओळी झाल्या. तीन जणींनी टी-शर्ट स्मॉलमध्ये मागितला होता, याच्याकडे सगळा माल लार्ज आणि एक्सएल. दोघींनी मराठीत अंक आहे का विचारलं. एकीला मूळ चित्र विकत हवं होतं. शेवटची ओळ एका कॉलेजच्या मुलीची: "तुमच्या गोष्टीतली आई स्वयंपाकघराबाहेर कधी येणार?"

दुसऱ्या अंकात आणतो म्हणालाय. त्या अंकाच्या छपाईचा हिशोब पुढच्या व्हिडिओत मांडू.