शिकायचे राहून गेलेल्यांची शर्यत

सातारकरांना यवतेश्वरचा घाट नवा नाही. 2012 पासून मात्र त्याला एक नवी ओळख मिळाली आहे. पावसाळ्याच्या दिवसांत येथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघायचे, घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने परत यायचे; एकूण अंतर 21 किलोमीटर. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरले असताना, या शर्यतीत नाव घातले. तोवर त्यांचे धावणे एस.टी. गाठण्यापुरतेच होते. बातमी कळताच स्टाफरूममध्ये प्रश्न सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितले का? काही नवस होता का? सरांचे उत्तर एवढेच होते, ''शिकायचं राहून गेलं होतं.''

या उत्तराने कुणाचेच समाधान झाले नाही. मला वाटते, त्याचे कारण वैद्यकीय नसून वाङ्मयीन आहे. असे उत्तर देणारी म्हातारी माणसे आपल्या कथांतून आपल्याला फारशी भेटलेलीच नाहीत.

मराठीत वार्धक्याचे चित्रण विपुल आहे आणि त्यातले काही श्रेष्ठही आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या सांगलीत वाढलेल्या माझ्यासारख्याला 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर घरच्या माणसासारखे परिचित आहेत. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधले नाना-नानीही तसेच. पण ही माणसे एकतर सारे देऊन बसलेली आहेत किंवा कुणाची तरी वाट पाहत बसलेली आहेत. त्यांच्या आयुष्यातील कृती पडदा उघडण्यापूर्वीच संपलेली असते. आपण पाहतो ते तिचे परिणाम. त्यातून करुण रस साधतो, यात शंका नाही. तथापि साठीतला माणूस एखादी गोष्ट पहिल्यांदा शिकतो आहे, चुकतो आहे, हे दृश्य मात्र दुर्मीळच राहते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या भाषेत त्याची जागा विनोदात तेवढी ठरलेली आहे.

यावर कोणी वारीचा दाखला देईल. लोणंद-फलटणच्या रस्त्याने दर आषाढीला साठी उलटलेली असंख्य माणसे चालतात, त्यांतली कित्येक पहिल्यांदाच. त्यांना कोणी 'कशाला?' असे विचारत नाही. हे खरे आहे. पण वारीत क्रमांक नसतो, घड्याळ नसते. तिथे माणूस समूहात आणि भक्तीत विरघळतो. शर्यतीत उतरणारा मात्र स्वतःला मोजून घ्यायला तयार होतो. उतारवयात आपले नवखेपण असे चारचौघांत मोजायला देणे, हेच आपल्याला अवघड वाटते.

फलटणला लागून असलेल्या बारामतीचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. गेल्या दशकात, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. 2020 साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ही कथा आपण डोळे पुसत स्वीकारली, कारण तिला गरजेचा आधार होता. पण लताबाई नंतरच्या वर्षांतही धावल्या. पहिल्या धावेचे कारण आपण सगळे सांगतो. पुढच्या धावांचे कारण विचारावे असे किती जणांना वाटले?

हौस हा सुस्थितांचा चोचला आहे, माण किंवा जत तालुक्यात पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला घाटातली शर्यत काय सांगता, असा आक्षेप रास्त आहे. पण त्याचा अर्थ तिला हौस नसते असा नव्हे. गरिबाच्या प्रत्येक कृतीमागे फक्त गरजच वाचणे, हीदेखील त्याला गरजेत कोंडून ठेवण्याचीच एक रीत आहे.

शर्यत म्हटली की आपल्याला पहिला क्रमांक आठवतो. अलास्कात 1973 पासून 'इडिटारॉड' नावाची शर्यत होते. कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्या बर्फावरून सुमारे 1,600 किलोमीटर हाकायच्या. पहिल्या वर्षी विजेत्याला 20 दिवस लागले, शेवटच्याला 32. तिथे शेवटी पोहोचणाऱ्यालाही मान आहे. त्याला लाल कंदील देतात. नोम गावी, अखेरच्या टप्प्यावर, एक दिवा लावून ठेवतात आणि शेवटची गाडी येईपर्यंत तो विझवत नाहीत. माणूस वाटेत आहे, एवढे कारण त्यांना पुरते.

आमचे सर घाटावरून परतले तेव्हा बक्षीस समारंभ केव्हाच आटोपला होता. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा नाव घातले.

हे सारे लिहिण्यामागे एक अपराधी आठवण आहे. एकदा प्रवेशाच्या दिवसांत पन्नाशी उलटलेल्या एक बाई एम.ए. मराठीची चौकशी करायला विभागात आल्या होत्या. टेबलामागे मीच होतो. ''आता या वयात कशाला?'' असे मी विचारले. अगदी सौजन्याने विचारले. बाई किंचित हसल्या, अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी साहित्य शिकवतो, म्हणजे माणसांकडे कोणकोणत्या कारणांनी पाहता येते ते शिकवतो. त्या दिवशी माझ्यापाशी एकच प्रश्न होता, आणि तो त्यांना परत पाठवायला पुरला.