मोकळ्या दिवसांची तजवीज

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किम्बर्ली नावाचा प्रदेश आहे. क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा लाखभराने जास्त, आणि वस्ती मात्र आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, चाळीस हजारांच्या आसपास. पर्थहून निघायचं, समुद्राची संगत धरून एक्समथ, ब्रूम करत डर्बी गाठायचं आणि तिथून गिब रिव्हर रोडने कुनुनुराच्या दिशेला आत शिरायचं, हा बेत मेलबर्न, सिडनी, पर्थला स्थिरावलेल्या मराठी घरांतही आता ऐकू येतो. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते, त्यामुळे इथून जाणाऱ्यांनाही धीर येतो. बेत ठरला की याद्या सुरू होतात. गाडी कोणती, तंबू गाडीच्या टपावरचा की जमिनीवरचा, जादा चाकं एक की दोन, पाण्याचे कॅन किती, सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यायचा की विकत. या याद्या लागतातच, त्यांना माझा विरोध नाही. पण त्या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट मोजून घ्यायला हवी आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे मोकळे दिवस. ज्यांत काहीही ठरवलेलं नाही असे दिवस हाताशी नसतील, तर बाकीचं सामान कितीही भारी असलं तरी कामाला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गिब रिव्हर रोडचंच बघा. सुमारे 660 किलोमीटरचा हा रस्ता 1960च्या दशकात आतल्या भागातली गुरं बंदरापर्यंत आणायला बांधला गेला. बराचसा भाग आजही मातीचा आणि खडीचा आहे, आणि वाहतुकीने त्याचा पन्हळी पत्र्यासारखा पृष्ठभाग होतो. आडव्या नाळ्यांमागून नाळ्या, तासन्‌तास. तिथे गाडी वाचवायची तर डांबर संपतं तिथे थांबून टायरमधली हवा कमी करावी लागते. उन्हात चाकाशेजारी उकिडवं बसायचं, व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवायचं, हवा सोडायची, मापक लावून आकडा बघायचा, पुन्हा थोडी सोडायची. चाळीसच्या घरातला दाब अठ्ठावीसच्या आसपास आणायचा आणि हेच चारही चाकांना. वाळूत शिरायचं तर अठरापर्यंत. पुन्हा डांबर लागलं की छोट्या पंपाने सगळी हवा परत भरायची. एका वेळचा हा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा, पण संध्याकाळी सहाला तीनशे किलोमीटरवरच्या मुक्कामी पोचायचंच आहे अशा माणसाला ती वीस मिनिटं जड जातात. तो तसाच निघतो, वर वेगही कमी करत नाही, आणि दुपारी टायर फुटतो. लोक म्हणतात, टायर दगडाने फुटला. माझ्या मते तो वेळापत्रकाने फुटला.

अंधाराचंही तसंच. कांगारू बाहेर पडतात ते दिवस मावळताना आणि उजाडताना. मोठ्या गुरचराईच्या पट्ट्यांत कुंपण नसलेल्या रस्त्यावर गायीबैलही असतात. म्हणून तिथली जाणती माणसं चारच्या सुमारास गाडी थांबवतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारात तर शहराबाहेर रात्री गाडी चालवू नये अशी अट बऱ्याचदा असते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही संध्याकाळी साडेसहाला दिवे लावून गाडी हाकणारा माणूस असतोच, आणि तो अज्ञानी नसतो, मागे पडलेला असतो. समोरून 53 मीटर लांबीची रोडट्रेन, म्हणजे मागे डब्यांची माळ जोडलेला ट्रक, धुळीचा लोट उठवत आली, तर कडेला उतरून धूळ बसेपर्यंत थांबायलाही त्याच्याकडे सवड नसते.

समुद्राच्या बाजूला घड्याळ आणखी कडक. मुंबईत भरती पाच मीटरच्या जवळ जाणार म्हटलं की पालिका किनाऱ्यापासून लांब राहायला सांगते. ब्रूमला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो, डर्बीला अकराच्याही वर. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तिथिवार बघून होडी काढणाऱ्या आजोबांचं गणितच इथे पुळणीवर गाडी घालणाऱ्याला करावं लागतं. आज वेळ जुळत नसेल तर उद्या, उद्याही नाही तर चार दिवसांनी भांगाला, भरती लहान असते तेव्हा. पाणी आपल्या बुकिंगसाठी थांबत नाही. नद्यांच्या उतारांवरही हेच. गिब रिव्हर रोडवर पेंटेकोस्ट नदी पाण्यातून ओलांडावी लागते. एरवी अनोळखी ओढा आधी पायी चालून खोली बघायची असा रिवाज असतो, पण इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा नाही. तेव्हा काठावर थांबायचं, दुसरी गाडी कुठल्या रेषेने जाते, पाणी तिच्या चाकाच्या कुठवर येतं ते बघायचं. काठावरचं हे थांबणं हाच तिथला सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, आणि त्याला लागतो तो फक्त वेळ.

याहून मोठ्या शोकांतिका बघितल्या तरी मुळाशी हेच सापडतं. बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी 20 ऑगस्ट 1860 रोजी मेलबर्नहून निघाले तेव्हा सामान जवळपास वीस टन होतं, मागवलेले उंट होते, पैसा होता. मागची तुकडी येईपर्यंत कूपर क्रीकला थांबायला हवं होतं. बर्क थांबला नाही. ऐन उन्हाळ्यात, 16 डिसेंबरला, तिघांना घेऊन आणि सुमारे तीन महिन्यांचा शिधा बांधून तो उत्तर किनाऱ्याकडे निघाला. परतायला चार महिने लागले. 21 एप्रिल 1861च्या संध्याकाळी उरलेले तिघे कूपर क्रीकच्या तळावर पोचले, तर वाट बघणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली, थोडं अन्न झाडाखाली पुरून. ही गोष्ट दैवाच्या नऊ तासांची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. चुकलं ते डिसेंबरमध्ये. बर्क आणि विल्स तिथेच गेले, तिसरा, किंग, तेवढा वाचला, तो तिथल्या मूळनिवासी यांड्रुवांड्रा लोकांनी सांभाळल्यामुळे. त्या लोकांना त्या भूमीत कुठेही वेळेत पोचायचं नव्हतं. शंभर वर्षांनी, 1963च्या डिसेंबरमध्ये, बर्ड्सविल ट्रॅकवर पेट्रोल संपून अडकलेलं पाच जणांचं कुटुंब गाडी सोडून चालत निघालं आणि तहानेने मेलं. पुन्हा तोच महिना. आजही त्या भागातली पहिली सूचना हीच असते की गाडी बंद पडली तर गाडीपाशीच राहा. तिच्यापाशी दोन-तीन दिवस बसायची मनाची आणि पाण्याची तयारी घरूनच करून निघावी लागते.

आता आक्षेप. पहिला आणि आजचा आक्षेप तंत्रज्ञानाचा. सॅटेलाइट फोन आहे, बटण दाबलं की ठिकाण कळवणारं यंत्र आहे, मग 1860 कशाला आठवायचं? यंत्र बरोबर असावंच. पण ते हाक पोचवतं, अंतर कमी करत नाही. फ्लाइंग डॉक्टर सेवा 1928पासून आजाऱ्याला विमानाने उचलते, आणि ती अनेकांचे प्राण वाचवते, पण मोडलेला ॲक्सल विमानातून येत नाही. तो ट्रकने येतो, आठवड्याने येतो. आणि कधी रस्ताच नसतो. जानेवारी 2023 मध्ये चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने फिट्झरॉय नदीला पूर आला आणि फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला. राष्ट्रीय महत्त्वाचा, पूर्ण डांबरी रस्ता, पण मालाच्या ट्रकना दक्षिण ऑस्ट्रेलियातून हजारो किलोमीटरचा वळसा पडला. नवा पूल डिसेंबरमध्ये खुला झाला. तोवर फोन सगळ्यांकडे होतेच.

दुसरा आक्षेप असा की इतका हिशोब केला तर भटकंतीची मजा काय राहिली? मला हे नेमकं उलटं वाटतं. दर रात्रीचा मुक्काम आधीच पैसे भरून ठरवलेला माणूस जखडलेला असतो. रोडहाउसवर कुणी सांगितलं की वीस किलोमीटर आत एक सुंदर डोह आहे, तर तो जाऊ शकत नाही. ज्याच्याकडे तीन दिवस शिल्लक आहेत तो जातो. दरवर्षी हजारो निवृत्त ऑस्ट्रेलियन जोडपी कॅरव्हॅन घेऊन हाच देश सुखरूप पार करतात, तेव्हा भीती कशाला, असंही कुणी विचारेल. बरोबर आहे, ती सुखरूप येतात. पण त्यांच्याकडे सगळ्यात जास्त काय असतं ते बघा.

तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे, आणि तो मराठी घरांचा आहे. तिकडच्या नोकरदाराला वर्षाला चार आठवड्यांची रजा, त्यातली निम्मी भारतात येण्यासाठी राखलेली. मुलांची मोठी सुटी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे उत्तरेत नेमकी पावसाची, पुराची, रस्ते बंद असण्याची. इथून जाणाऱ्याला दिवाळीची सुटी मिळते ती पावसाआधीच्या असह्य उकाड्यात. त्यातल्या त्यात आपली मे महिन्याची सुटी जुळते, कारण तिथला कोरडा हंगाम तेव्हा सुरू होतो. एवढ्या थोड्या दिवसांत मोकळे दिवस आणायचे कुठून? उत्तर कडू आहे, पण एकच आहे. दिवस वाढत नसतील तर रस्ता कमी करायचा. अडीच आठवड्यांत पर्थ ते डार्विन करता येतं, पण ते नुसतं हाकणं होतं. तेवढ्याच दिवसांत पर्थहून शार्क बे आणि एक्समथ करून परत यावं. एका बाजूचं अंतर साधारण 1,250 किलोमीटर, रस्ता डांबरी. शार्क बेमधल्या हॅमेलिन पूलच्या उथळ पाण्यात स्ट्रोमॅटोलाइट आहेत, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या जीवसृष्टीचे जिवंत वारस. एक्समथजवळच्या निंगालूचं प्रवाळ काठावरून पोहत जाऊन बघता येतं, आणि मे महिन्यात व्हेल शार्कही तिथे असतात. जायला चार दिवस, यायला चार दिवस, शार्क बेला दोन, निंगालूला चार. वाऱ्याने समुद्र खवळलेला असेल तर बोटी निघत नाहीत, म्हणून एक्समथपुढचे दोन दिवस तसेच कोरे ठेवावेत, आणि परतीच्या विमानाआधीचा एक.