ब्रिज नको, ॲलन की घ्या

काही वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. "सर्व्हर रीस्टार्ट करून बघ" हे त्यातलं एक. दुसरं म्हणजे "तुझ्या बासचा ब्रिज फालतू आहे, हेवी टाक". पहिल्या वाक्याने निदान कुणाच्या खिशाला चाट बसत नाही!

ज्यांचा बास गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी इलेक्ट्रिक गिटार. तारा खालच्या टोकाला धातूच्या ज्या तुकड्यात अडकवतात तो ब्रिज. त्यावर प्रत्येक तारेखाली एक लहानसा ठोकळा असतो, तो सॅडल. सॅडल स्क्रूने वर-खाली केला की तारेची फ्रेटपासूनची उंची बदलते, म्हणजे ॲक्शन. पुढे-मागे केला की तारेची लांबी बदलते आणि वरच्या फ्रेटवरचे सूर सुरात लागतात की बेसूर ते ठरतं, म्हणजे इंटोनेशन. तार धरून ठेवायची आणि या दोन गोष्टी जागेवर ठेवायच्या, ब्रिजची नोकरी एवढीच.

आता आमच्या किनाऱ्यावर या. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड. हळदीला आणि गणपतीत बेंजो पार्टी ही इथली जुनी गोष्ट, हल्ली कॉलेजच्या पोरांचे छोटे बँडही असतात. यातल्या बासवाल्याचं वाद्य बिघडलं की तो काय करतो? गिटार पाठीला मारतो, मांडव्याहून बोट पकडतो आणि मुंबईतल्या दुकानात जातो. तिथला माणूस दोन तारा छेडतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "ब्रिज बदलावा लागेल."

चौलमधल्या एका पोराला अक्षरशः हेच सांगितलं गेलं. त्याने सेकंडहँड बास घेतला होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यावर जाड तारा चढवल्या, कारण जाड तार म्हणजे जाड आवाज! चढवल्यावर तार बोटाखाली दबेना, आणि बाराव्या फ्रेटच्या वर सगळं बेसूर. दुकानदाराने जो भारी ब्रिज सुचवला त्याची किंमत त्याच्या बासच्या निम्म्याहून जास्त. पोरगा माझ्याकडे आला तो गिऱ्हाईक आहे का हे विचारायला. "दादा, बोटं सोलली. विकून टाकतो, आपल्याला नाही जमणार हे."

त्याची सतराव्या फ्रेटवरची ॲक्शन चार मिलिमीटरच्या वर होती. त्या उंचीवर कुणालाच जमलं नसतं राव! नेक पुढे वाकली होती, कारण जाड तारांनी ती ओढली होती. चाळीस मिनिटं आणि दोन ॲलन की, एवढ्यात काम झालं. ब्रिज तोच.

माझा राग इथे आहे. एक अख्खा बासवाला कमी होणार होता, आणि कशामुळे, तर दीड मिलिमीटरचा स्क्रू कुणी फिरवला नाही म्हणून.

आता 'हेवी ब्रिज'वाल्या मंडळींसाठी थोडा इतिहास. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास काढला तेव्हा त्याच्या ब्रिजवर फक्त दोन सॅडल होते, दोन तारांत एक. म्हणजे प्रत्येक तारेचं इंटोनेशन वेगळं लावायची सोयच नाही. १९५७ साली चार सॅडल आले. नीट बघा, सुधारणा वजनात नाही झाली, ॲडजस्ट करण्याच्या सोयीत झाली. खालचा पत्रा वाकवलेलाच राहिला. जेम्स जेमरसनने मोटाउनची एवढी गाणी वाजवली ती अशाच कंपनीतून आलेल्या ब्रिजवर, १९६२च्या प्रिसिजनवर, फ्लॅटवाउंड तारा लावून. त्याला सस्टेन कमी पडला अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. उलट ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचा, आवाज लवकर दाबायला!

जड पितळी ब्रिजने आवाजात काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. पण तो फरक आणि तारा बदलल्याने पडणारा फरक यांची तुलना म्हणजे नेलकटर आणि कोयता. १९६०च्या दशकात रोटोसाउंडने जॉन एंटविसलच्या सल्ल्याने राउंडवाउंड बास तारा काढल्या आणि रॉकमधल्या बासचा आवाजच पालटला. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून ती खरखरीत आणि चकचकीत आवाजाची. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते, म्हणून ती गुळगुळीत, गोल आणि जरा दबलेल्या आवाजाची. तीच गिटार, तोच ब्रिज, आणि दोन वेगळी वाद्यं. एका बऱ्या ब्रिजच्या पैशात तारांचे दोन-तीन सेट येतात. करा हिशोब.

फक्त तारा बदलल्यावर काम संपत नाही, आणि घोळ इथेच होतो. चौतीस इंच स्केलच्या बासवर एका तारेचा ताण साधारण अठरा-वीस किलोचा. चार तारा मिळून नेकवर पंच्याहत्तर-ऐंशी किलो! तारेची जाडी पाच टक्के वाढवली की तिचं वजन, आणि त्याच सुरासाठी लागणारा ताण, जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. उलट ई तार डीपर्यंत उतरवली की ताण वीसेक टक्क्यांनी पडतो. म्हणजे तारांचा सेट बदलला की नेकचा बाक बदलतो, त्याने ॲक्शन बदलते, आणि तिने इंटोनेशन. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही लायब्ररीचं व्हर्जन बदललंय आणि बाकी कोड कंपाइल न करता प्रॉडक्शनला टाकताय. मग बोंब मारताय की सर्व्हर फालतू आहे.

गंमत म्हणजे ही अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे. मिरजेला जा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, त्यावर तार निसटती टेकते आणि तो भरलेला झंकार येतो, हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर शोधनिबंध लिहिला होता. तार घोडीवर घासून घासून खाच पडते, जवारी जाते, मग कारागीर ती पुन्हा काढतो. तारेची जाडी बदलली तरी जवारी बघावी लागते. घोडी आणि तार ही एकच गोष्ट आहे हे तिथल्या कारागिराला शिकवावं लागत नाही. जवारी गेली म्हणून "नवा तंबोरा घ्या" म्हणणाऱ्याला तिथे लोक हसतील.

यावर कुणी म्हणेल, बघ, तंबोऱ्याला पण कारागीर लागतोच की! लागतो, कारण घोडी घासली की घासली, तिथे अनडू नाही. बासचा ब्रिज स्क्रूवर चालतो. अर्धा फेरा जास्त झाला तर अर्धा फेरा उलटा फिरवा. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याने नेकसुद्धा स्क्रूने लावली. मालकाने वाद्य उघडावं असंच ते बनवलंय. आणि आमचा मालक गिटार घेऊन बोटीत बसतो! त्याच्याच गल्लीतला बेंजोवाला तार तुटली म्हणून मुंबईला जातो का हो? बटणांच्या खालची तार स्वतः चढवतो, सुरात लावतो आणि रात्री वाजवायला हजर.

कृती अशी. ज्या तारा वापरणार त्याच आधी चढवा आणि ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात लावा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जिथे नेक बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखालची फट बघा. ती साधारण ०.३ मिलिमीटर हवी, जाडशा व्हिजिटिंग कार्डाएवढी. फीलर गेज असेल तर उत्तम, बाइकचे टॅपेट सेट करायला गॅरेजवाला वापरतो तेच. फट जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मापा. इथे मात्र घाई नको. रॉड फिरतच नसेल तर जोर करू नका, तेव्हा खुशाल माणूस शोधा. नटच्या खाचा घासायच्या असतील तेव्हाही, कारण तिथेही अनडू नाही.

नेक झाली की सॅडलची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तार दोनच्या आसपास. शाळेतली स्टीलची पट्टी चालते. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. एका वेळी एकच गोष्ट बदला. डीबग करताना पाच ठिकाणी हात घालणाऱ्यांना हे जड जातं, मला माहितीये.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू ब्रिजचं वजन नाही, खारं वारं आहे. ज्या हवेत बाइकची चेन आणि खिडकीचे गज गंजतात त्याच हवेत तुमचा बास भिंतीवर लटकतोय. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. सॅडलचे इवलेसे स्क्रू एकदा गंजून बसले की त्यांचं षटकोनी तोंड झिजतं, मग ब्रिज खरोखरच बदलावा लागतो. आटे गेलेत, स्क्रू बसलेत, सॅडल शेवटपर्यंत मागे नेऊनही सूर चढाच येतोय, अशी कारणं असतील तर जरूर बदला, त्याला माझी ना नाही. पण तिथवर न्यायचं कशाला? वाजवून झालं की तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्याआधी स्क्रूंना मशीन ऑइलचा थेंब द्या, लाकडावर सांडू नका. केसमध्ये सिलिका जेल ठेवा. जमलं तर कोटिंगवाल्या तारा लावा, महाग असतात पण इथे टिकतात. पाऊस सुरू झाला आणि संपला की नेक एकदा मापा, लाकूड हलतं.

चौलचा पोरगा आता मापं वहीत लिहून ठेवतो, प्रत्येक सेटची तारीख घालून. मागच्या पावसाळ्यानंतर त्याने नेक स्वतः लावली, मला फक्त फोटो पाठवला. जाड तारा काढून फ्लॅटवाउंड लावल्यात. मला त्या जरा मऊ वाटल्या, पण वाजवणारा तो आहे.

अलिबाग ते मुरूड पट्ट्यात कुणाचा बास असा पडून असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. ॲलन कीचा सेट आणि फीलर गेज माझ्याकडे आहे. तारा मात्र आपापल्या आणा, आणि दुकानदाराने सांगितलेला ब्रिज तोपर्यंत घेऊ नका.