तोडणीनंतरचे 13 टक्के

मानवी स्वभाव आणि समाज या विषयांवरच्या लोकप्रिय पुस्तकांना वऱ्हाडात सध्या चांगले दिवस आहेत. अमरावती-अकोल्याच्या पुरवण्यांत त्यांची परीक्षणे येतात, दिवाळी अंकांत येतात, व्याख्यानमालेत एकेका पुस्तकावर तासभर बोलले जाते. साचा ठरलेला. लेखक कुठल्या विद्यापीठात शिकवतो, पुस्तक किती भाषांत गेले, त्यातल्या दोन-तीन प्रयोगांच्या गोष्टी आणि शेवटी ‘संग्रही असावे’. पुस्तकाशी भांडण कुठेच नाही.

सेंधिल मुलाइनाथन आणि एल्डार शफीर यांचे ‘स्कार्सिटी’ घ्या. पुस्तक 2013 चे. टंचाई माणसाच्या डोक्यात ठाण मांडते आणि बाकीच्या विचारांना जागा ठेवत नाही, हे त्याचे म्हणणे. पुराव्यांपैकी एक भारतातला, तोही शेतकऱ्यांचा. आपला वक्ता त्यावर हमखास रेंगाळतो. कर्ज, पेरणी, गहाण पडलेले दागिने. श्रोत्यांना सारे घरचेच वाटते. फक्त सांगता सांगता ‘तमिळनाडूतले ऊस उत्पादक’ गळून पडतात आणि ‘भारतीय शेतकरी’ तेवढा उरतो.

अभ्यास असा होता. विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलै या जिल्ह्यांतल्या 54 गावांत 464 ऊस उत्पादकांना बुद्धीची कोडी घातली. एकदा तोडणीपूर्वी, एकदा तोडणीनंतर. आधी सरासरी 4.35 उत्तरे बरोबर आली, नंतर 5.45. माणसे तीच. तोडणीपूर्वी 78 टक्के लोकांचे काही ना काही गहाण होते, नंतर 4 टक्क्यांचे. आधी 99 टक्क्यांवर कर्ज होते, नंतर 13 टक्क्यांवर.

99 वरून 13. दुसरीकडचा वाचक या आकड्यावरून पुढे सरकला तर समजू शकते. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या माणसाने इथे पुस्तकात बोट ठेवून थांबायला हवे. पीक विकले आणि शंभरातल्या 86 जणांचे कर्ज फिटले, असा हंगाम त्याने कधी पाहिला?

आता आपली पऱ्हाटी. शेतात सीतादहीची पूजा होते आणि पहिला वेचा निघतो. वेचाई किलोमागे, तीही रोख. आठवडी बाजाराच्या आत द्यावी लागते. म्हणून पहिला कापूस गावातच खेडा खरेदीवाल्याला जातो, तो म्हणेल त्या भावाने. दुसऱ्या वेच्याचे पैसे कृषी केंद्राच्या वहीत वळते होतात. बियाणे, खत, फवारणीचे औषध, सारे जूनपासून तिथे मांडून ठेवलेले असते. पुढचा वेचा भाव वाढेल या आशेवर घरात साठतो, झोपायच्या खोलीपर्यंत येतो, आणि लेकरांच्या अंगाला खाज सुटते. सरकारी खरेदीला घातला तर चुकाऱ्याची वाट पाहायची. मार्चअखेर बँकेत कर्जाचे नवे-जुने होते. म्हणजे कुठून तरी हातउसने आणून जुने भरायचे आणि नवे उचलून ते उसने परत करायचे. कागदावर कर्ज फिटते, पाठोपाठ पुन्हा चढते. मग मृग.

यातले ‘नंतर’ कोणते?

संशोधकांनी ऊस उगाच निवडला नव्हता. कारखान्यांची गाळपक्षमता मर्यादित असते, त्यामुळे तोडणी काही महिने टप्प्याटप्प्याने चालते. एकाच आठवड्यात एकाचा ऊस उभा असतो आणि शेजाऱ्याच्या हातात पैसे आलेले असतात. त्यामुळे ऋतूचा परिणाम वेगळा काढता येतो. शिवाय उसाचे पैसे वर्षातून एकदा, तोडणीच्या सुमारास येतात. प्रयोगाला स्वच्छ ‘आधी’ लागते आणि स्वच्छ ‘नंतर’ लागते. उसाने ते दिले. कापसाने दिले नसते. ही निवड संशोधकांनी उघडपणे मांडली आहे. लपवाछपवी नाही. आपल्या परीक्षणात मात्र तिचा मागमूस नसतो.

एकाच अमरावती जिल्ह्यातही उत्तर एक येणार नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला उक्ता जातो. इसार आधी, बाकी तोडीच्या वेळी. तिथे ‘नंतर’चा एखादा दिवस सापडेल, व्यापारी शब्दाला जागला तर. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि खरिपावरच सारे वर्ष काढायचे, तिथे तो कॅलेंडरच्या कोणत्या पानावर शोधायचा, हे परीक्षकानेच सांगावे. त्याला ते कळते. त्याच्या घरी शेती असते, निदान मामाकडे असते. पण इंग्रजी पुस्तक हाती आले की हे सारे ज्ञान त्याला गावंढळ वाटू लागते, आणि पऱ्हाटी बाजूला ठेवून तो शांतपणे उसाची गोष्ट सांगतो.

अभ्यास खोटा ठरवायचा, असे कोणी म्हणत नाही. कदाचित कापसाच्या शेतकऱ्यावरचा ताण उसवाल्यापेक्षा जास्त भरेल, कारण त्याला सुटीच नाही. कदाचित बारमाही ताण अंगवळणी पडून कोड्यांत फरकच दिसणार नाही. हे प्रश्न पुस्तकाला विचारता येण्याजोगे होते. जगात ते विचारले गेले आहेत. अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या लोकांची पगारापूर्वी आणि पगारानंतर अशीच परीक्षा घेतली गेली. कार्व्हाल्हो, मायर आणि वांग यांचा हा अभ्यास 2016 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. बुद्धीच्या कसोट्यांत फरक आढळला नाही. पैसा कसा येतो, किती येतो, आल्यावर किती काळ टिकतो, यावर निकाल हलतो की काय, ही शंका तिथेच यायला हवी. अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीतही विद्यापीठ आहे. परीक्षण लिहिण्यापूर्वी एखादा फोन करायला काही खर्च नव्हता.

फोन न केल्याचा परिणाम मात्र होतो. ऊस गळाला की ‘आधी’ आणि ‘नंतर’ गळतात. ते गळले की उरते एवढेच : गरीब शेतकऱ्याची बुद्धी कमी चालते. हे वाक्य परीक्षणातून व्यासपीठावर जाते. तिथून ‘शेतकऱ्यांची मानसिकता बदलली पाहिजे’ इथपर्यंत एकच पायरी. मग समुपदेशन शिबिराची सूचना येते, टाळ्या पडतात, आणि सूत्रसंचालक पुस्तकाच्या लेखकांचे आभार मानतो. त्या लेखकांचे म्हणणे नेमके उलट होते. तमिळनाडूतल्या त्या 464 जणांच्या मानसिकतेला कोणी हात लावला नव्हता. त्यांच्या उसाचे पैसे आले होते.