गोळी निवडावी ती माणूस पाहून

भीमा नदीच्या एका तीराला शिरूर तालुका, दुसऱ्या तीराला दौंड. दोन्हीकडे उसाचे मळे. तोडणीच्या हंगामात पहाटेपासून वाकून कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. संध्याकाळी कंबर धरते. मग दुकानातून ‘दुखण्याची गोळी’ येते. पण कोणती? हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते आधी तेच विचारले पाहिजे.

इजा झालेल्या जागी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि वेदना वाढते. अ‍ॅस्पिरिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक याच पद्धतीने काम करतात. पाय मुरगळला, दाढ दुखली तर त्यांचा गुण चांगला येतो.

परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात. शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तीच टिकवून धरतात. आता उन्हात घाम गाळलेला, दिवसभर पाणी कमी प्यायलेला मजूर डोळ्यांपुढे आणा. कंबरेला आराम देणारी गोळी त्याच्या मूत्रपिंडाला इजा करू शकते. जठरव्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, गर्भारपण, डेंग्यूची शंका असताना तर ती स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

अशा वेळी पॅरासिटामॉल बहुधा बरे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ओलांडू नयेत. दारू पिणाऱ्याची किंवा अशक्त माणसाची मर्यादा याहून कमी. जास्त झाल्यास यकृत निकामी होते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन नावांच्या गोळ्या घेणारा नकळत दुप्पट मात्रा घेतो.

कोणी म्हणेल, डॉक्टरकडे गेले तर दिवसाची मजुरी बुडते. खरे आहे. म्हणूनच पट्टीवर घटकाचे नाव मराठीत, ठळक छापलेले हवे, असे आमचे मत आहे. ते होईपर्यंत हे काम तुम्ही करा. घरातल्या पट्ट्यांवरील बारीक अक्षरे वाचा आणि प्रत्येक गोळीतील घटक व मात्रा वहीत लिहा. नंतर आजी-आजोबांना, शेजारच्या मजुरांना विचारा : पाणी प्यायलात का? पोटात अन्न आहे का? दुसरी कोणती गोळी चालू आहे? आणि दुखणे तीन दिवसांत हटले नाही, तर दवाखान्यात जायला सांगा.