‘अनुकूल’ म्हणजे कुणाला अनुकूल?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात नोकरीला लागले त्याला आता आठ वर्षं झाली. माझी नेमणूक मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आहे. ट्रस्टच्या चिठ्ठ्या मिळवून देणं, औषधांचे पैसे जमवणं, नातेवाइकांना समजावणं, हे माझं काम. हे काम करताना जे दिसलं ते इतकी वर्षं गिळत आले. आता लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एक बावीस वर्षांची बाळंतीण आली. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. घरचे म्हणाले, वारं लागलं असेल, कान बांधून पड. पोट सुटू नये म्हणून तिला पाणी मोजून देत होते. चौथ्या दिवशी फिट आली, उजवा हात लुळा पडला, तेव्हा गाडी केली. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात अंगात पाणी कमी पडलं, ॲनिमिया असला, जंतुसंसर्ग झाला की धोका वाढतो.

त्याच सुमारास आमच्याकडे अशाच गुठळीवरच्या एका औषधाची चाचणी चालू होती. चाचणीचं काम बघणाऱ्या माणसाने केसपेपर चाळला आणि विचारलं, “अंगावर पाजते ना? मग बाद.” त्याचं काही चुकलं नव्हतं, नियमच तसा होता. तिला नेहमीचे उपचार मिळाले, ती वाचली. हातात अजून जोर नाही. नव्या औषधाने ती अधिक बरी झाली असती असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की जो आजार बाळंतिणींना गाठतो त्याच्या संशोधनातून बाळंतीणच बाद कशी?

हा नियम आकाशातून पडलेला नाही, हे मान्य करू. थॅलिडोमाइडने जन्माला येण्याआधीच मुलांचे हातपाय हिरावले. त्यानंतर १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून दूर ठेवायला सांगितलं. ही भूमिका बदलायला १९९३ साल उजाडलं. आपल्याकडे १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना पुरती माहिती न देताच गोळा केलं होतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडकीला आणलं, आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या चळवळीला त्या लढ्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्यातून आपण अर्धाच धडा शिकलो. गर्भनिरोधकाचा प्रयोग करायचा असला की बाईचं शरीर चटकन सापडतं, आणि तिच्या मेंदूच्या आजाराचा प्रश्न आला की तेच शरीर गुंतागुंतीचं, जोखमीचं ठरतं. पहिल्या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढले, दुसऱ्याकडे आपलं लक्षच गेलं नाही.

आकडे बघा. १९९० ते २०२० या काळातल्या स्ट्रोकवरच्या २८१ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत पाच लाखांहून जास्त माणसं होती. त्यांतल्या स्त्रिया ३७ टक्क्यांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात स्ट्रोकच्या रुग्णांत स्त्रिया ४८ टक्के. मेंदूत रक्तस्राव होणाऱ्या स्ट्रोकच्या चाचण्यांत ही तूट सर्वांत मोठी होती.

शिरेतल्या गुठळीचंच घ्या. हेपॅरिन द्यावं की नाही यावर जगाचा निर्णय ज्या दोन चाचण्यांवर उभा आहे, त्यांतली १९९१ ची जर्मनीतली चाचणी २० रुग्णांची आणि १९९९ ची युरोपातली ५९ रुग्णांची. दोन्ही मिळून ७९ माणसं. आपल्या देशात, बंगळूरच्या निम्हान्समध्ये, ५७ बाळंतिणींवर अशीच चाचणी झाली होती, १९९५ मध्ये ती छापूनही आली. पण निदान फक्त सीटी स्कॅनवर केलेलं होतं, म्हणून आंतरराष्ट्रीय आढाव्याने ती हिशोबात धरली नाही. शास्त्राच्या नियमाने ते बरोबरही असेल. पण मग तोच प्रश्न चांगली यंत्रं वापरून, आपल्याच बाळंतिणींसाठी पुन्हा विचारण्याची जबाबदारी कुणाची होती?

आता दुसरी बाजू सांगते. इथे बाई रुग्ण नसते, रुग्णाच्या उशाशी बसलेली असते.

मेंदूच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की मेंदू सुजतो आणि कवटीत दाबला जाऊन माणूस दगावतो. तेव्हा कवटीचा एक तुकडा काढून सुजेला जागा करून देतात. आमच्याकडे बऱ्याचदा तो तुकडा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, यात शंका नाही. युरोपातल्या तीन चाचण्यांमधल्या, साठ वर्षांपर्यंतच्या ९३ रुग्णांचा एकत्र हिशोब २००७ मध्ये मांडला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के वर्षभरानंतर जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के.

पण त्या हिशोबातला एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. रुग्णाची अवस्था शून्य ते सहा अशा पट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे मृत्यू. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही आणि शरीरधर्मही कुणाच्या मदतीशिवाय होत नाहीत. या अभ्यासात शून्यापासून चारपर्यंतचा निकाल ‘अनुकूल’ धरला होता. तीन किंवा त्याहून बऱ्या अवस्थेला पोचलेले शस्त्रक्रियेनंतरही ४३ टक्केच होते.

अनुकूल कुणाला? माझ्या वॉर्डातून असा चार आकडा घेऊन घरी गेलेल्या एका रिक्षावाल्याची बायको चार घरची धुणीभांडी करत होती. आता ती दोन घरची करते, मुलीची शाळा सुटली, आणि बाईची स्वतःची कंबर कायमची गेली. सहा महिन्यांनी कुठल्याशा अभ्यासासाठी तिला फोन आला. नवरा बसतो का, बोलतो का, स्वतः जेवतो का, असं सगळं विचारलं. “तुम्ही कशा आहात?” हे विचारायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

त्या माणसाला मरू द्यावं असं मी म्हणत नाही, आणि ती तर मुळीच म्हणणार नाही. पण जो निकाल तिच्या पाठीवर उभा आहे तो मोजताना तिला मोजा.

२०१७ मध्ये आपल्या देशातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्याच माणसाला शिकवून व्यायाम करून घेता येतील का, हे त्यांना पाहायचं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले सारखेच निघाले, ४७ टक्के. संशोधकांनी प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आणि उत्तरही प्रामाणिकपणे छापलं, त्यांना दोष नाही. पण ‘घरचं माणूस’ म्हणजे कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको. माझ्या वॉर्डात ती बायको असते, सून असते, शाळा सोडलेली मुलगी असते. उद्या कुणी खर्च वाचवण्यासाठी म्हणालं, की घरच्या बायकांना शिकवा म्हणजे भागेल, तर त्याच्यासमोर हा निकाल ठेवा. बाईचे बिनपगारी कष्ट ही आरोग्यसेवा नव्हे.

मग करायचं काय? २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार प्रत्येक नैतिक समितीवर किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्यासाठीही तिथे जागा आहे. निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे हवेत. या खुर्च्यांवर कोण बसलं आहे, हे आपल्या गावच्या रुग्णालयात जाऊन विचारा. सही करून चहा पिऊन जाणारं कुणी असेल तर ती खुर्ची मागा. भारतातल्या चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत होते, ती कुणालाही बघता येते. ती वाचा आणि विचारा: बायका किती? गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना वगळलं असेल तर कारण काय लिहिलं आहे? बाई शुद्धीवर असताना कागद तिच्या हातात दिला, की परस्पर नवऱ्याच्या? शुश्रूषा करणारीचे तास, तिची बुडालेली मजुरी, तिची तब्येत कुठे लिहून ठेवणार?

आणि तोवर, आपल्या गटाच्या बैठकीत एवढं तरी सांगा: बाळंतिणीला पोटभर पाणी द्या. तिचं डोकं थांबत नसेल, फिट आली, हातपाय जड झाले, तर कान बांधत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.